सात मीटर वाळू

गोदामात तिला सगळे दगडवाली म्हणायचे, पण दगड तिच्या वाट्याला क्वचितच यायचे. तिचं काम मातीचं. जमिनीत पोकळ नळी फिरवत उतरवली की मनगटाएवढ्या जाडीची मातीची कांब वर येई आणि लाकडी पेट्यांत खोलीच्या क्रमाने मांडली जाई. तिने ती तारेने उभी चिरायची, फवाऱ्याने ओली करायची आणि कुठे वाळू, कुठे गाळ, कुठे चिकणमाती ते कागदावर उतरवायचं. नदीने हजारो वर्षांत काय काय आणून टाकलं ते एकवीस वर्षांत तिला तोंडपाठ झालं होतं. सासऱ्यांच्या मनात काय चाललंय ते मात्र एकाच घरात राहून कळत नसे.

घरात दोघंच. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. सासरे उभा जन्म नदीवर पाणी मोजायच्या कामावर होते. आता कानांनी दगा दिलेला, पण ताठा तसाच. शेजारच्या शिवणवालीशी मधल्या भिंतीवरून त्यांचं वाजलं होतं, त्यालाही नऊ वर्षं होऊन गेली. तेव्हापासून अबोला.

त्या उन्हाळ्यात त्यांच्याच गल्लीच्या टोकाला उड्डाणपुलाच्या खांबासाठी बोअर घेतलं. पेट्या गोदामात आल्या. पहिला मीटरभर भराव, मग सात मीटर वाळू आणि त्याखाली बोटभर जाडीचा कडक, सपाट थर. तिने भिंग लावलं. हाताने थापून सारवलेली घरातली जमीन होती ती.

नदीकाठी असं सापडतं, म्हणून तिने नोंद केली आणि पुढे गेली. पण त्याखाली पुन्हा सात मीटर वाळू होती, पुन्हा जमीन. आणखी सात मीटर, आणि तिसरी जमीन. वाळूत कुठेही गवताचं मूळ नाही, गांडुळाचं बीळ नाही. म्हणजे ती वर्षानुवर्षं साचलेली नव्हती. प्रत्येक वेळी एका दमात आली होती.

सगळ्यात खालच्या जमिनीवर चार बोटांचे फराटे होते, सारवताना उमटतात तसे. ते मध्येच थांबले होते. खोबणीत थेट वाळू भरली होती, म्हणजे माती अजून ओली असतानाच. तिने नकळत आपली बोटं त्यावर ठेवली आणि चटकन उचलली. खोबणी गार होती. बाकीची कांब दुपारच्या उन्हाने तापलेली.

साहेबांना दाखवलं तर ते म्हणाले, नळी उतरवताना वरची माती खाली घसरली असेल. चिकणमाती लिहा आणि पुढचं घ्या. बोअरवरचा मिस्त्री मात्र हळूच सांगून गेला की नळीतलं पाणी रोज वीतभर वर चढतंय. नदी आटत होती, आणि हे चढत होतं.

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा सासरे स्वयंपाकघरात गुडघ्यांवर वाकले होते. लोखंडी नळीचं एक टोक फरशीच्या सांध्यात, दुसरं कानाला. तिला वाटलं, म्हातारपण आलं शेवटी. त्यांनी नळी तिच्याकडे केली.

"होडीतून आम्ही अशीच नळी तळाला लावायचो," ते म्हणाले. "तळाची वाळू चालायला लागली की ऐकू येते. बाकी काही ऐकू येत नाही मला, हे येतं."

तिने कान लावला. आधी काहीच नाही. मग खूप खालून, कुणीतरी न थकता चाळण हलवत असावं, तसा आवाज. ती उठून ओट्याला टेकून उभी राहिली. नदी तिथून अर्ध्या कोसावर होती.

"कधीपासून, बाबा?"

"महिना झाला. तुला काय सांगणार होतो?"

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. सकाळी गोदामात जाऊन तिने सगळ्यात वरची जमीन पुन्हा ओली केली. हिच्यावर बोटं नव्हती. वाळून भेगा पडलेल्या होत्या, भेगांत धूळ, धुळीत गवताची बारीक मुळं. वाळू आली तेव्हा हे घर निदान एक पावसाळा रिकामं होतं. इथली माणसं आधीच निघून गेली होती. त्यांना कळलं होतं.

तिने रजेचा अर्ज टाकला आणि घरं सोडा म्हणून सांगत गल्लीत दारोदार फिरली. कुणी पाणी दिलं, कुणी हसलं. नळीचं ऐकून मात्र दोघं-तिघं येऊन कान लावून गेले, आणि त्यानंतर हसणं थांबलं. आठवड्याभरात बहुतेकांनी बाडबिस्तरा उचलला. ती सासऱ्यांना घेऊन टेकडीवर नणंदेकडे गेली. राहिली एकटी शिवणवाली. तिचं म्हणणं, म्हाताऱ्याच्या कानाच्या भरवशावर मी घर सोडू?

पाचव्या दिवशी ऐन दुपारी, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, सासरे अंगणातून नाहीसे झाले. ती टेकडी उतरत धावली. गल्ली ओली होती. दारांच्या उंबऱ्यांखालून पाणी येत होतं, स्वच्छ, बर्फासारखं गार, आणि कसलाही आवाज न करता. पावलांखालची जमीन पिठासारखी दबत होती.

सासरे शिवणवालीच्या दारात उभे होते. घोट्यापर्यंत पाण्यात.

"भिंत तुमचीच होती," ते मोठ्याने म्हणाले. "चूक माझी. आता चला."

 शिवणवाली मशीनवरचं कापड तसंच सोडून बाहेर आली. तिघं एकमेकांना धरून चालली. मागे वळून बघायचं नाही, असं सासऱ्यांनी बजावलं होतं, पण सुनेने पाहिलं. पाण्याचा रंग बदलला होता. तळातून वाळू उकळी फुटल्यासारखी वर येत होती, आणि घरं पडत नव्हती, तर उभीच्या उभी खाली जात होती. खिडक्या, मग पत्रे. एक वीटही वाजली नाही.

तिघं टेकडीवर पोचली तेव्हा गल्लीच्या जागी रुंद, संथ नदी होती. जणू कायमची तिथलीच. काठावर बगळे उतरले होते. पलीकडे जुनं पात्र उघडं पडलं होतं, चिखलात मासे तडफडत होते.

महिन्याभराने साहेब स्वतः नणंदेच्या दारी आले. जुन्या चुकीबद्दल काही बोलले नाहीत. नव्या बोअरच्या पेट्या आल्यात, कामावर या, एवढंच. जागा कुठली, तिने विचारलं. त्यांनी टेकडीखाली, नव्या नदीच्या पलीकडे बोट दाखवलं. कोरड्या पडलेल्या जुन्या पात्रात माणसं ओळीने खुंट्या ठोकत होती, खुंट्यांना दोऱ्या बांधत होती. घरांसाठी.

"जमीन चांगली आहे," साहेब म्हणाले. "एकदम सपाट."

सासरे आणि शिवणवाली बाकावर शेजारी बसून खाली बघत होते. तिने चपला घातल्या आणि साहेबांच्या आधीच त्या खुंट्यांच्या दिशेने उतार धरला.