पुढचं ऐकू आलं नाही

ये, असा जवळ बस. माझ्या धाकट्या जावेची गोष्ट सांगते. गाऊन सांगायला देवानं गळा दिला नाही, पण तू मन लावून ऐक.

जाऊ शाळेत ग्रंथपाल. दीर गेल्यापासून घरी तिच्याशी बोलायला चार भिंती. शाळेत मात्र वाचनाच्या तासाला पोरं तिच्या पुस्तकांच्या खोलीत सतरंजीवर दाटीवाटीनं बसत नि मधेच ओरडत, "मग? मग काय झालं?" तेवढ्यावर तिचा आठवडा निघायचा.

एक दिवस मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, इंटरनेटवर सगळं फुकट मिळतं. गोष्ट रेकॉर्ड करा, वर्गातच लावू. पोरांची ने-आण वाचेल."

ही शिकली. आवाज भरायची सोय, पोरांनी मत लिहायचा ऑनलाइन फळा, सगळं बिनपैशाचं. मी चिडवलं, "रेडिओच झालीस की गं!"

"हो ना, जाऊबाई. बोलायचं मी, ऐकणारं कोण ते दिसत नाही."

कौतुक झालं, आणि खोली ओस पडली.

मग एकदा गोष्ट संपली तरी रेकॉर्डिंग बंद करायला ती विसरली. सवयीनं रिकाम्या सतरंजीकडे बघून म्हणाली, "सांगा की, पुढं काय झालं असेल? कुणीच नाही का? बरं. दार उघडंच ठेवते, कुणी आलं तर..." तिथं फुकटातल्या रेकॉर्डिंगची वेळ संपली नि आवाज आपोआप तुटला. हिनं पुन्हा न ऐकताच ते वर्गाला पाठवलं.

दुपारी फळा भरला. "बाई, पुढचं ऐकू आलं नाही." "दारातून कोण आलं?" "भूत!" एका मुलीनं तर दार उघडून बसलेल्या म्हातारीचं चित्र काढून लावलं. पोरांना ती गोष्टच वाटली!

जावेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते रेकॉर्डिंग पुसायला बोट नेलं, पण पुसलं नाही. फळ्यावर लिहिलं, "अजून कुणी आलं नाही. तुम्ही येता का?"

उत्तर आलं, "तासाला सर सोडत नाहीत. मधल्या सुट्टीत तुमच्या खोलीला कुलूप असतं."

खरंच होतं ते. सुट्टीत ही कुलूप लावून शिक्षकांच्या खोलीत डबा खायला जायची. दुसऱ्या दिवसापासून ती दार उघडं टाकून तिथंच जेवायला बसली. पण पोरांना मैदान जवळचं.

शेवटी एकदा ती चित्रवाली मुलगी धापा टाकत आली. इकडंतिकडं बघून म्हणाली, "ती म्हातारी कुठंय?"

"मीच ती, बाळा."

"छे! ती गोष्टीतली." मुलगी खुदकन हसली. तेवढ्यात घंटा झाली नि ती पळाली.

परवा मी विचारलं, "कुणी येतं का गं?"

"वारा येतो, जाऊबाई," म्हणाली, आणि डबा घासायला घेतला.

तू रोज देवापुढं हात जोडतोस ना, तेव्हा माझ्या जावेचीही आठवण ठेव. एवढंच मागणं.