पुलाच्या वरचा मासा

बुरुलनं कणकेचे हात तसेच ठेवून खिडकीबाहेर पाहिलं. पुलावरून तिचे सासरे येत होते. एका हातात गळाची काठी, दुसऱ्यात बादली. पाणी हिंदकळू नये म्हणून म्हातारा पाऊल जपून टाकत होता. रिकाम्या बादलीला कोणी एवढं जपत नाही.

"अगं बाई, धरला की यांनी!" ती स्वतःशीच म्हणाली.

गेल्या शरदात अख्ख्या गावानं बसून ठरवलं होतं. पुलाच्या वर, उगमाच्या अंगाला, ट्राउट मासा सापडला, तर तो परत पाण्यात सोडायचा, मग धरणारा कोणी का असेना. त्याआधी जाळ्यांनी नदी नुसती खरवडून काढली होती. यंदा मासे पुन्हा दिसू लागले, त्यांच्या मागोमाग गळ घेऊन लांबलांबचे पाहुणे आले आणि बुरुलची मागची खोली पहिल्यांदाच भरली. पण मेदेतनं, तिच्या चुलत दिरानं, होकार देताना अट घातली होती. वरचा एक जरी मासा गावातल्या कोणाच्या चुलीवर चढला, तर त्याच दिवशी त्याची जाळी पाण्यात. ती जाळी आताही त्याच्या कुंपणावर वाळत होती. मेदेत दोन रिकामटेकडे सोबत घेऊन तिथंच बसला होता आणि येणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहून मिशीत हसत होता.

सासऱ्यांना, एसेनकुल म्हाताऱ्याला, माशाचा लोभ नव्हता. त्याचं दुखणं वेगळंच होतं. घरात उतरलेली लेंका, चेक देशातली मास्तरीण, रोज मासे धरायची, त्यांच्याशी दोन शब्द गोड बोलायची आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घालून सोडून द्यायची.

"जेवणाशी खेळते ही बाई!" म्हातारा कालच कडाडला होता. "आणि पाहुणी माझ्या घरून माझ्या नदीचा मासा न खाता गेली, तर लोक थुंकतील माझ्या तोंडावर."

त्याला समजवायचं कोणी? नवरा मेंढरं घेऊन वरच्या कुरणावर. आणि सून म्हणून या घरात आल्यापासून बुरुलनं सासऱ्यांचं नाव कधी उच्चारलं नव्हतं, की त्यांना उलट शब्द बोलून दाखवला नव्हता. बायका तसं करत नाहीत. तिलाही ते कधी जमलं नसतं.

म्हातारा पूल उतरला. मेदेतचं कुंपण ओलांडलं की पुढं फक्त घर.

तेवढ्यात तिला कालचं जेवण आठवलं. म्हातारा लेंकाला आपल्या तरुणपणची गोष्ट सांगत होता आणि बुरुल मोडक्यातोडक्या रशियनमध्ये तिला ती समजावत होती. शिकार घेऊन परतणाऱ्याला वाटेत कोणी 'शिराल्गा' म्हटलं, की त्याला वाटा द्यावाच लागतो. एका पोरसवदा गुराख्यानं तसं म्हटलं, तर यांनी पाठीवरचा रानबोकड अख्खाच त्याच्या पुढ्यात टाकला होता. "अर्धं देतो तो खाटीक!" म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली होती. "आमच्या घराण्यात अख्खं देतात!"

बुरुलनं डोक्याचा रुमाल आवळला आणि ती पळत सुटली. हात धुवायचंसुद्धा भान राहिलं नाही.

मेदेतच्या कुंपणापाशी तिनं सासऱ्यांना गाठलं. छातीवर हात ठेवून रीतसर कमरेत वाकली. मग खाली पाहतच म्हणाली,

"शिराल्गा, आबा!"

म्हातारा जागच्या जागी थबकला.

"काय म्हणालीस?"

"शिराल्गा."

"अगं वेडे, हा तर आपल्याच घरी चाललाय! रात्री तुझ्याच हातून शिजणार."

"मी वाटेत मागितला, आबा."

कुंपणावर मेदेत खो खो हसत सुटला. "द्या काका, द्या! की अर्धाच देताय? सुरी आणू का?"

म्हाताऱ्याचे कान लाल झाले. त्यानं मेदेतकडे पाहिलं, सुनेच्या कणकेच्या हातांकडे पाहिलं आणि बादली तिच्यापुढं धाडकन ठेवली.

"अख्खा घे! कोणाच्या बापाची भीती आहे मला?"

बुरुलनं बादली उचलली. नदीकडं नेताना तिला पळावंसं वाटत होतं, पण पाणी सांडेल म्हणून तीही जपूनच चालली. पुलाच्या वरच्या अंगाला तिनं बादली कलती केली. ठिपक्याठिपक्यांचा तो देखणा मासा क्षणभर उथळ पाण्यात रेंगाळला आणि मग दिसेनासा झाला. तिला इतका आनंद झाला, की तिथंच दगडावर बसून ती एकटीच हसली. हसून झाल्यावर मात्र भीती वाटली. आता घरी जायचं होतं.

रात्री म्हातारा जेवायला बसला. नूडल्सचा वाडगा संपवला आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. सकाळी पाहते तो, स्वारी पुन्हा गळ घेऊन निघालेली! बादलीही सोबत होती. लेंकाला त्यानं हातानंच खूण केली, चल.

"आज दुसऱ्या वाटेनं येतात की काय कोण जाणे," बुरुल शेजारणीला म्हणाली.

"येऊ दे कुठूनही. आज आम्ही मागतो," शेजारीण म्हणाली. दुपारपर्यंत ही बातमी घरोघर पोचली आणि पुलावर बायकांची ही गर्दी झाली. कोणी लोकर कातत होती, कोणी नुसतीच खिदळत होती. मेदेतही येऊन कठड्याला टेकला.

लेंका आणि म्हातारा वळणावर दिसले, तशा सगळ्या एका सुरात ओरडल्या,

"शिराल्गा!"

म्हाताऱ्यानं बादली उलटी करून दाखवली. आत थेंबही नव्हता.

"काय देऊ, माती? काही लागलं नाही आज."

बुरुलनं लेंकाकडं पाहिलं. लेंका ओठ घट्ट मिटून आभाळाकडं बघत होती.

"मग बरोबरच," मेदेत कठड्यावरून म्हणाला. "उगाच गावानं माझी जाळी अडवून ठेवली. वर आहेच काय? बोटाएवढी पिल्लं!"

"बोटाएवढी?" म्हातारा उसळला. "अरे, काल त्या बादलीत होता तो पोरगा, हा त्याचा बाप होता! एवढा, एवढा होता!"

आणि त्यानं किती ते दाखवायला उजवा हात पुढं काढला. बाही कोपरापर्यंत ओलीचिंब होती, आणि तिच्यातून पाणी पुलाच्या फळ्यांवर ठिबकत होतं.

सगळ्यांच्या नजरा त्या फळ्यांवर गेल्या. म्हाताऱ्यानंही ते पाणी पाहिलं. हात आता मागं घ्यावा की तसाच ठेवावा, हे त्याला सुचेना.

बुरुल पुढं झाली. मान खाली घालून म्हणाली, "आबा, बाही पिळून देऊ?"

म्हाताऱ्यानं दुसरीकडं तोंड फिरवलं आणि हात तिच्यापुढं धरला.