पाचवीच्या आधी

झोळीच्या वजनकाट्याचा काटा रिकाम्या झोळीला शून्यावर थांबत नसे. तो पन्नास ग्रॅम पुढं जाई, जरासा थरथरे आणि तिथंच स्थिर होई. वंदनाच्या हे लक्षात यायला पहिल्या वर्षी दोन महिने लागले होते. तेव्हापासून बाळ काट्याला टांगलं की ती मनात पन्नास वजा करी आणि मगच आकडा लिही. काटा बदलून मिळावा म्हणून तिनं उपकेंद्रात दोनदा अर्ज दिला. नवा काटा आला नाही, पण त्यानंतरच्या नऊ वर्षांत तिच्या वहीतलं एकही वजन चुकलं नाही.

वजनं बरोबर होती. चूक दुसऱ्याच रकान्यात होती, आणि ती प्रियदर्शनी येईपर्यंत कुणाच्या नजरेला आली नव्हती.

प्रियदर्शनी जालन्याची. एका संशोधन संस्थेसाठी ती तान्ह्या बाळांच्या मृत्यूंचा अभ्यास करत होती आणि केदारखेड्याच्या पुढच्या तीन वाड्या तिच्या वाट्याला आल्या होत्या. वंदना तिथली आशाताई, म्हणून तिनंच बरोबर घरोघर फिरायचं ठरलं. पहिल्या दिवशी उपकेंद्राच्या ओट्यावर बसून प्रियदर्शनीनं पाच वर्षांची नोंदवही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. कागदावर काही उभ्या रेघा ओढल्या, पुन्हा मोजल्या.

"वंदनाताई, पहिल्या आठवड्यात गेलेलं एकही बाळ नाही?"

"न्हाई."

"आणि मेलेली जन्मलेली अकरा."

वंदना पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"असं कुठंच नसतं," प्रियदर्शनी म्हणाली. ती एरवी बोलायची तशाच संथ आवाजात. "महिन्याच्या आत जाणाऱ्या बाळांतली बहुतेक पहिल्या आठवड्यातच जातात. इथं आठवड्यानंतरची चार आहेत, आधीचं एकही नाही. म्हणजे या अकरांतली काही रडलेली असणार. जे रडलं ते जिवंत जन्मलं. आपण प्रत्येक घरी जाऊन एवढंच विचारायचं, रडलं होतं का."

अकरावी ओळ गेल्या श्रावणातली होती. आईच्या नावाच्या जागी वंदनाचंच नाव होतं, तिच्याच अक्षरात. प्रियदर्शनीचं बोट तिथं थांबलं.

"ही आपण शेवटी घेऊ," ती म्हणाली आणि वही मिटली.

वंदनाची मुलगी रडली होती. अडीच दिवस जगली होती. हे सांगायचं तर ती कशानं गेली तेही सांगावं लागणार होतं, आणि ते वंदनानं नवऱ्याजवळसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं.

या वाड्यांत पाचवी पुजेपर्यंत लेकरू माणसांत धरत नाहीत. पाचव्या रात्री सटवाई येते, कपाळावर लिहून जाते, मग ते लेकरू घरचं. त्याआधी गेलं तर त्याला नाव नाही. बांधाच्या कडेला पुरायचं आणि आईनं फार रडायचं नाही. आशाताई झाल्यावर पहिल्याच वर्षी एका सासूनं वंदनाचा हात धरून सांगितलं होतं, "मेलेलंच झालं म्हणून लिही गं, कशाला त्या पोरीला कुणी येऊन इचारावं." वंदनानं तसं लिहिलं. तिला ती दयाच वाटली होती. मग पुढच्या घरी तसंच, आणि त्याच्या पुढच्या घरी न सांगताच.

फेऱ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी दोघी चांगुणाबाईच्या ओसरीवर बसल्या तेव्हा म्हातारी तूर पाखडत होती. सून आत होती, ती बाहेर आलीच नाही.

"रडलं होतं का, आजी?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"रडायला काय, मांजराचं पिल्लूबी रडतंय."

"म्हणजे रडलं होतं."

"दोन राती रडलं. तिसऱ्या दिशी गप झालं." चांगुणाबाईनं सुपातला खडा काढून अंगणात फेकला. "हिनंच लिवलं मेलेलं म्हणून. आम्ही काय लिहाया-वाचायाला शिकलेलो न्हाई बाई."

"मी तुम्हाला इचारून लिवलं व्हतं, काकू," वंदना म्हणाली.

"इचारलं व्हतंस. मी कुठं न्हाई म्हणते?" म्हातारीनं सूप खाली ठेवलं आणि प्रियदर्शनीकडं बघितलं. "तुमच्यात असती का पाचवी?"

"आमच्यात नसते. आजोबांनी छप्पन साली सगळं सोडलं."

"मंग तुमचं बरंय."

"माझ्या आईची एक मुलगी गेली होती, चौथ्या दिवशी. मला कॉलेजात गेल्यावर कळलं." प्रियदर्शनीनं टॅबवर बोट टेकवून पुढचा प्रश्न उघडला. "गप्प बसायला पाचवीच लागते असं नाही, आजी."

चांगुणाबाईनं पाखडलेली तूर टोपल्यात ओतली. मग उठता उठता वंदनाला म्हणाली, "दुनियेला इचारत फिरून राह्यलीस. तुझं कुणी इचारलं का गं?"

परतीच्या वाटेवर वंदना चार पावलं पुढंच चालत राहिली.

शनिवारी दुपारपर्यंत दहा घरं झाली. दहांतली सात बाळं रडली होती. कुणी तासभर, कुणी चार दिवस. प्रियदर्शनीनं प्रत्येकाचे तास लिहून घेतले, वजन लिहून घेतलं. वजनं वंदनाच्या वहीत होतीच. सातांपैकी पाच अठराशे ग्रॅमच्या आतली. अठराशेच्या आतलं बाळ त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचं, छातीशी धरून, ऊब सुटू न देता. हे वंदनाला पाठ होतं. हेच ती दर महिन्याच्या बैठकीत बायकांना सांगत आली होती. पण पाचवीच्या आधी बाळ-बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, हेही प्रत्येक घराला पाठ होतं.

श्रावणात वंदनाला चार आठवडे आधीच कळा आल्या आणि गाडी यायच्या आत ती घरीच बाळंत झाली. पोरीला तिनं स्वतः झोळीत ठेवलं. साडेसोळाशे दाखवलं, म्हणजे सोळाशे. सोमेश्वर, तिचा नवरा, मोटारसायकलची किल्ली घेऊन दारात उभा राहिला. शेजारच्या जीपवाल्याला आणतो म्हणाला. सासू झुंबरबाई त्याला आडवी आली. "पाचवी न्हाई झाली आजून. आधीच एवढुसं, त्याला बाहेरची हवा दाखवतो का?" सोमेश्वरनं वंदनाकडं बघितलं. दुसऱ्या कुठल्याही घरात वंदना अशा वेळी भांडली असती, भांडलीही होती. त्या दिवशी तिच्या अंगात भांडायची ताकद नव्हती, आणि खरं सांगायचं तर एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिला भीती वाटली होती, की सासू म्हणते तसंच झालं तर.

"उद्या बघू," ती म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी पोरगी पाय हलवत होती, म्हणून पुन्हा उद्या. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचे तळवे गार लागले. संध्याकाळी सोमेश्वर टोपलं घेऊन बांधाकडं गेला. पंधरा दिवसांनी वंदनानं अकरावी ओळ लिहिली.

आता अकरावं घर राहिलं होतं.

झुंबरबाईनं पाहुणीसाठी सतरंजी टाकली. धाकटी जाऊ अक्षता चहाचे कप घेऊन आली, एक हात कमरेवर. तिला आठवा सरत आला होता.

"बस गं, मी देते," वंदना म्हणाली.

"बसून बसून पाय सुजून राह्यले, जाऊबाई."

"बाळाचं वजन ठीक आहे म्हणाले का?" प्रियदर्शनीनं तिला विचारलं.

"सोनोग्राफीवाले म्हणले जरा कमी हाय. पण आत्याबाई म्हणत्यात, आमच्यात बारीकच होत्यात."

"बारीकच होत्यात," झुंबरबाई म्हणाली. "माझं सोमेश्वरबी मुठीएवढं व्हतं. दवाखान्यात बाळंत होईल, तिथून जल्दी घरी आणायचं. मंग पाचवीपस्तोर आतल्या खोलीत बिलकुल हवा लागू द्यायची न्हाई. समदं तयार ठिवलंय मी."

अक्षता सासूकडं बघून हसली. तिला ही खोली आवडली असावी. तिथं नवीन पडदा लावला होता.

प्रियदर्शनीनं चहा संपवला. कप बाजूला ठेवून टॅब उघडला. "ही शेवटची नोंद. गेला श्रावण." तिनं वंदनाकडं बघितलं, आणि इतर दहा घरांत विचारलं तसंच विचारलं, "रडलं होतं का?"

"मेलेलंच झालं," झुंबरबाई म्हणाली. "तिला कशाला इचारता? बाळंतिणीला काय सुध असती? मी व्हते तिथं."

प्रियदर्शनीनं लिहिलं नाही. तिचं बोट काचेच्या वर तसंच थांबलं होतं. अक्षतानं रिकामे कप गोळा करायला सुरुवात केली, मग हात आखडता घेतला. ती एकदा सासूकडं आणि एकदा जावेकडं बघू लागली. बाहेर कुणीतरी पाण्याची मोटार चालू केली.

"सांगून टाक की गं, मेलेलंच झालं म्हणून," झुंबरबाई म्हणाली, पण आता तिचा आवाज खाली आला होता. "झालं ते झालं."

वंदना अक्षताच्या सुजलेल्या पायांकडं बघत होती. सात महिने ती रोज हे मनात बोलत आली होती. भाकरी थापताना, लसीची पेटी उचलताना, दुसऱ्यांच्या घरी झोळी खुंटीला अडकवताना. दर वेळी ते तोंडापर्यंत येई आणि तिथून उद्यावर जाई.

"रडली व्हती, मॅडम," ती म्हणाली. "लिहा. मुलगी, सोळाशे ग्रॅम, अडीच दिवस. मला समजत व्हतं न्यायला पाहिजे म्हणून, अन् मी नेलं न्हाई."

झुंबरबाईनं तोंडाला पदर लावला.

"आत्याबाई, तुम्ही पाचवी पुजा," वंदना म्हणाली. "पण अक्षताचं लेकरू अठराशेच्या आत भरलं, तर मी त्याच दिवशी त्याला छातीशी धरून उंबऱ्याबाहेर काढणार हाय. तुम्ही आडव्या आल्या तरी."