खांदा शेकलेली मोटरसायकल

मित्रांनो, केशोरीच्या टोकाला, तलावाच्या पाळीखाली टिकारामबाबांचे घर आहे. त्या घराच्या अंगणात उभी असलेली मी एक जुनी मोटरसायकल आहे. माझ्या टाकीचा लाल रंग विटला आहे, सीटला ठिगळे आहेत आणि आरसा एकच उरला आहे. तरीही मी पहिल्या किकला सुरू होते. शेजारच्या केशोरावांची नवीकोरी गाडी थंडीत कुरकुरते तेव्हा मला जरा बरेच वाटते, हे तुमच्यापासून कशाला लपवू?

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. बाबांच्या मुलाने, हिमांशूने, मला घरी आणले तेव्हा साऱ्या मोहल्ल्याने माझे कौतुक केले. पुढे हिमांशू ट्रकवर लागला. तो कोहमाऱ्याहून निघाला की पंधरा-पंधरा दिवस परतत नसे. मी मागच्या पडवीत पडून राहिले आणि कोंबड्यांनी माझ्या सीटवर बस्तान मांडले. ते दिवस मला आठवावेसेही वाटत नाहीत.

मला तिथून बाहेर काढले ते हिमांशूच्या बायकोने, चंदाने. नवऱ्याला फोनवर विचारून विचारून ती सगळे शिकली. दर रविवारी भांडी आटोपली की ती मला अंगणात घेते, प्लग काढून घासते आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने साखळीतला चिखल काढते. मग कोणी पाना मागायला येते, कोणी हवेचा पंप, आणि पाना राहतो बाजूला, गप्पाच रंगतात. मला हा रविवार फार आवडतो.

टिकारामबाबा मात्र तेव्हा खाटेवर बसून नुसते बघत असत. धानाची बांधी, म्हणजे भाताचे खाचर, आता ट्रॅक्टरने नांगरले जाते, म्हणून त्यांची बैलजोडी विकली गेली होती. जन्मभर बैलांचे अंग चोळलेले ते हात रिकामे पडले होते. ते येता-जाता माझ्या टाकीवर थाप मारत, तेवढेच.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी घरोघर बैलांची खांदशेकणी चालली होती. नांगर ओढून शिणलेल्या खांद्यांना हळद आणि तूप लावून पळसाच्या पानाने शेकायचे आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' असे म्हणत बैलांना पोळ्याच्या जेवणाचे आमंत्रण द्यायचे, ही आमच्याकडची रीत. चंदा शेतात निंदणाला गेली होती. बाबांनी इकडेतिकडे पाहिले, वाटीत तेल-हळद कालवली आणि माझ्यापाशी येऊन बसले. माझ्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी त्यांनी ते अगदी मन लावून चोळले. उरलेले तेल चाकातल्या ड्रमच्या फटीत ओतले. ड्रमच्या आत ब्रेक असतात, हे त्यांना कोण सांगणार? मला ठाऊक होते, पण मला तोंड कुठे आहे? आणि खरे सांगते, त्या हातांचा स्पर्श मला सुखाचा वाटत होता.

पोळ्याच्या सकाळी चंदा बाजारातून गूळ घेऊन परतत होती. पाळीच्या उतारावर तिने ब्रेक दाबला. मी थांबलेच नाही. आम्ही दोघी सरळ केशोरावांच्या बांधीत जाऊन चिखलात आडव्या झालो. चंदाचा गुडघा खरचटला, बाकी काही झाले नाही. केशोरावांनी धावत येऊन तिला उठवले, मला ओढून काढले आणि घरापर्यंत ढकलत आणले. ढकलताना त्यांचे तोंड चालूच होते.

"कायले ठेवली हे खटारा? भंगारात दे ना."

अंगणात चंदाने चाक खोलले. आतून हळदीचा वास आला. केशोराव बाबांकडे बघून म्हणाले, "बुवा, तुमी लावली का हळद? चंदा, यायले गाडीले हात नको लावू देऊ."

बाबांची मान खाली गेली. "बैलाले लावतो तशीच लावली," ते हळूच म्हणाले. "मले का मालूम इचा खांदा कोठी रायते. आता नाई लावत हात." ते उठून मागच्या पडवीत जाऊन बसले. दुपारी जेवायलाही आले नाहीत. मित्रांनो, मला चिखलाचे काहीच वाटले नव्हते, पण बाबांचे ते बोलणे मला लागले. ते हात आता पुन्हा माझ्याकडे येणार नाहीत, या विचाराने मी घाबरले.

चंदाने ब्रेक पेट्रोलने धुतले, सँडपेपरने घासले आणि चाक बसवले. मग तेलाची वाटी घेऊन ती पडवीत सासऱ्यांकडे गेली.

"मामाजी, या जरा."

"कायले?"

"मी दिवसभर राबून राहिली, अन तुमी बसून रायले. या ना."

बाबा नाइलाजाने आले. चंदाने त्यांचा हात धरून माझ्या साखळीवर ठेवला.

"चाक हे इचे पाय होत. पायाले तेल लावलं त घसरनच ना. वजन हे साखळी वढते. इचा खांदा हा होय."

बाबांनी साखळीवरून बोट फिरवले. एकेक कडी चाचपली. "लय कोरडी पडली बापा," ते म्हणाले आणि खाली मांडी घालून बसले. त्यांनी चाक हळूहळू फिरवत कडीन्‌कडी तेलाने भिजवली. मग फडक्याने पुसली आणि इतक्या हळू आवाजात बोलले, की फक्त मला ऐकू यावे.

"काल लाजेनं आवतन द्याचं रायलं. आवतनबी आजच घे, अन जेवालेबी आजच ये."

पण चंदाने ते ऐकले. ती आत गेली आणि पुरणपोळीचे ताट आणून माझ्या पुढच्या चाकापाशी ठेवले. मला कुठले खाता येणार? माझ्या वाट्याचे ते ताट बाबा माझ्या शेजारी बसून जेवले, आणि दुसरी पोळी त्यांनी स्वतः मागून घेतली.

मित्रांनो, तुमच्या दारी माझ्यासारखी एखादी उभी असेल. तिला वेळेवर तेल द्या, पण कुठे द्यायचे ते आधी नीट विचारून घ्या. आणि घरातल्या कोणी म्हाताऱ्याने चुकीच्या जागी तेल लावले, तर त्याच्या हातातली वाटी काढून घेऊ नका. त्याचा हात धरा आणि योग्य जागेवर नेऊन ठेवा.