पानाची मागची बाजू

गोजराबाई भोईर बोनकोड्याहून सकाळीच आल्या होत्या, आणि अकरा वाजले तरी खिडकीसमोरून हलायला तयार नव्हत्या.

“माजा नाव नाय म्हनतान कंपूटरान. कसा नाय? याच हापिसान लावलाय ना!”

“मावशी, बसा. मी बघते,” खिडकीच्या आतून सुनयना निकम म्हणाली.

बेलापूरच्या त्या सरकारी कार्यालयात अभिलेख कक्ष सुनयनाच्या ताब्यात होता. शहर उभं राहताना ज्या गावांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या सगळ्या फायली तिथं होत्या. चार महिन्यांपासून त्या स्कॅन होत होत्या. स्कॅन झालेली फाईल सुनयनानं तपासायची, ‘मूळ पाने व स्कॅन पाने तंतोतंत जुळतात’ या दाखल्यावर सही करायची, आणि मग कागद तळोज्याच्या कारखान्यात लगदा व्हायला जायचे. पहिला ट्रक गेल्या आठवड्यात गेला होता. दुसरा उद्या सकाळी जाणार होता.

तिनं गोजराबाईंच्या वडिलांची फाईल पडद्यावर उघडली. पानं एकसष्ट. वारस म्हणून एकच नाव, हिरामण, गोजराबाईंचा भाऊ. पण सुनयनाला पक्कं आठवत होतं. वीस वर्षांपूर्वी या बाईनं आठ महिने हेलपाटे घालून आपलं नाव लावून घेतलं होतं. वारसांचं पान भरलं होतं म्हणून तेव्हाच्या साहेबांनी ते उलटून मागे शेरा लिहिला होता. शिक्का सुनयनानंच मारला होता.

तिनं वारसांचं, सदतिसावं पान काढलं. पुढे गेली. अडतिसावं आलं. पुन्हा मागे आली. सदतिसाव्याची मागची बाजू कुठेच नव्हती.



तळघरात उद्यासाठी बांधून ठेवलेल्या खोक्यांतून तिनं ती फाईल शोधून काढली. शेरा होता, सही होती, निळा शिक्का होता. मग तिला राहवेना. तिनं दुसरं खोकं सोडलं, तिसरं सोडलं. जमिनीवर फतकल मारून एकेक पान उलटत राहिली. दहा फायली पाहिल्या. चारांत मागच्या बाजूला काही ना काही लिहिलेलं होतं. कुठे वारस, कुठे हद्दीची दुरुस्ती, कुठे हरकत मंजूर.

स्कॅनिंगच्या ठेकेदाराचा माणूस, मिथुन, खोकी मोजायला खाली आला.

“मॅडम, टेन्शन कशाला घेता? करारात पानं लिहिलीत, बाजू नाय. कोरी बाजू कोन स्कॅन करतं?”

“कोरी आहे हे पाहिलं कुणी?”

“तुमीच. सही तुमची आहे ना?”

तो उर्मटपणे बोलला नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. तिनं कागद मोजले होते. दिवसाला चाळीस फायली, वरून रोज विचारणा, म्हणून नुसते कागद मोजले होते.

ती तशीच धुळीच्या हातांनी विभागप्रमुख राजवर्धन मोहित्यांच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“ही एक फाईल पुन्हा स्कॅन करा. त्या बाईंचं काम करून टाका.”

“आणि बाकीच्या, साहेब?”

“सोमवारी वरचे अधिकारी पाहणीला येतायत. शंभर टक्के काम पूर्ण म्हणून अहवाल गेलाय. निकमबाई, तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. दाखल्यांवर सह्या तुमच्या आहेत, माझ्या नाहीत. विचार करा.”

ती जागेवर येऊन बसली. उठली. पाणी प्यायली. पुन्हा बसली. खिडकीपलीकडे गोजराबाई पदरानं वारा घेत होत्या. उद्या ट्रक गेला की कुणाला काही कळणारही नव्हतं. ज्यांची नावं गेली ते येतील, भांडतील, आणि पडद्यावर नाही म्हटल्यावर परत जातील. हाच विचार तिला बसू देईना.

अखेर तिनं संगणकावरच्या नव्या प्रणालीत टिपणी लिहायला घेतली. ‘तपासणीत माझ्याकडून चूक झाली आहे. पानांची मागची बाजू स्कॅन झालेली नाही. कागद नष्ट करणे तातडीने थांबवावे.’ तिनं ती मोहिते साहेबांकडे पाठवली आणि प्रत थेट वरच्या कार्यालयाला लावली. जुन्या फायलीतून टिपणीचं पान काढून टाकता यायचं. इथं एकदा पाठवलं की पाठवलं. तिनं बटण दाबलं.

साडेतीन वाजता वरून फोन आला. ट्रक रद्द झाला. पाच वाजता सुनयनाच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. मोहिते साहेब तिच्याकडे न बघता निघून गेले.

गोजराबाईंची नोंद तिसऱ्या दिवशी पडद्यावर आली. त्यांनी सुनयनाच्या गालांवरून हात फिरवून कडाकड बोटं मोडली आणि म्हणाल्या, “बाय, तुझा चांगला होईल.” सुनयनाला मात्र डोळे वर करवेनात. पहिल्या ट्रकमधल्या दोनशे सत्तर फायली परत येणार नव्हत्या.

तिनं त्या फायलींची गावनिहाय यादी काढली. नोटिशीला उत्तर दिलं, त्यात एकही सबब लिहिली नाही, आणि खाली परवानगी मागितली: गावात जाऊन लोकांजवळच्या प्रती गोळा करू द्याव्यात. परवानगी मिळाली. चौकशीही सुरू राहिली.

पुढच्या रविवारी बोनकोड्याच्या देवळासमोर ती टेबल मांडून बसली. लोक प्लास्टिकच्या पिशव्यांतून, गादीखालून काढलेले, वाळवी लागलेले कागद घेऊन आले. संध्याकाळपर्यंत एकतीस जणांचे मिळाले. बत्तिसावे सीताराम म्हात्रे. त्यांचे हात रिकामे होते.

“आमचा कागद तुमच्यापाशीच व्हता, बाय. आमी कशाला ठेवू?”

 सुनयनानं खुर्ची पुढं ओढली.

“बसा, काका. तुम्हाला काय काय आठवतंय ते सांगा. मी लिहून घेते.”