निवडक यादीतलं एकच नाव

जुन्या खुर्च्या आणि सोफे उसवून नव्याने मढवणं हा माझा धंदा. तळमजल्यावरची एक लांबट खोली, भिंतीला टेकवलेले कापडांचे तागे, आणि खिडकीपाशी उजेड बरा पडतो म्हणून तिथे फोनचा स्टँड. काम संपलं की आधीचा आणि नंतरचा फोटो टाकायचा, अधूनमधून एखादा छोटा व्हिडिओ. गिऱ्हाइकं तिथूनच येतात.

खिळेकाकाही तिथूनच आले. तीन रस्ते सोडून त्यांचं दुकान, पस्तीस वर्षं हेच काम. तोंडात खिळे धरून बोलायची सवय, म्हणून सगळे त्यांना खिळेकाका म्हणत. एके दिवशी त्यांच्या दुकानाने मला फॉलो केलं आणि तेव्हापासून मी काहीही टाकलं की पाहणाऱ्यांत पहिलं नाव त्यांचं. मी गडद पिवळ्या रंगाच्या उंच पाठीच्या खुर्चीचा फोटो टाकला. पंधरा दिवसांत त्यांच्या पानावर तशीच खुर्ची, बटणांची मांडणीसुद्धा तीच. मी पाठीला मागून वेगळ्या रंगाचं कापड लावलं. महिन्याभरात त्यांनीही लावलं. दर वेळी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"ब्लॉक कर की," ताई म्हणाली. ताई माझी मोठी बहीण, शिवणाचं सगळं तीच बघते.

"ब्लॉक केलं तर त्यांना कळेल, मी घाबरले म्हणून."

"मग जाऊन बोल. तीन रस्ते तर आहेत."

"काय बोलू? माझं काम बघू नका?"

"तूही त्यांचं बघतेसच की," ताई मशीनवरून मान वर न करता म्हणाली.

हे खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

मी फोटो टाकते त्या ॲपमध्ये एक सोय आहे. निवडक लोकांची यादी करायची आणि काही गोष्टी फक्त त्यांनाच दाखवायच्या. ज्यांना दिसतं त्यांना माझ्या नावाच्या फोटोभोवती हिरवं वर्तुळ दिसतं, म्हणजे कळतं की आपण खास यादीत आहोत. मी यादी केली आणि तिच्यात एकच नाव घातलं. मग एक व्हिडिओ बनवला: सुरकुतलेलं चामडं चांगलं ओलं करा, मग गरम हवेचा झोत अगदी जवळून मारा, सुरकुत्या जातील. खरं तर चामडं कोरडं ठेवायचं असतं आणि झोत लांबून मारायचा असतो. ओलं चामडं तापलं की आक्रसतं, कडक होतं, तडकतं. मी मधला भाग कापून टाकला आणि शेवटी नीट केलेला दुसराच तुकडा दाखवला. गोड आवाजात म्हटलं, "ही युक्ती मी कुणाला सांगत नाही."

ताईला मी यातलं काही सांगितलं नाही. खरं तर तेव्हाच मला थांबायला हवं होतं.

त्यांचा एखादा तुकडा वाया जाईल, मला चार शिव्या घालतील आणि माझा नाद सोडतील, एवढंच मनात होतं. गिऱ्हाइकाच्या खुर्चीचा विचार मी केलाच नव्हता, असं पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत राहिले. पण विचार केला होता. एक क्षणभर केला होता आणि बटण दाबलं होतं.

तीन आठवड्यांनी एक दातांची डॉक्टर टेम्पोतून खुर्ची घेऊन आली. रुंद हातांची, तपकिरी चामड्याची. हातांवरचं चामडं आक्रसून शिवणीतून सुटलं होतं. बोट फिरवलं तर लाकडाच्या सालीसारखं लागलं. मला बघताक्षणी कळलं.

"वडिलांची आहे," ती म्हणाली. "हातांवर त्यांच्या तळव्यांचे डाग होते. ते तसेच ठेवा, फक्त सुरकुत्या काढा, म्हणून खिळेकाकांकडे दिली होती."

"मग?" मी विचारलं.

"ते बिचारे स्वतः घरी आले सांगायला. म्हणाले, माझाच हात चुकला, वय झालं. आता हे काम तीन रस्ते पलीकडची ती पोरगी एकटीच निस्तरू शकेल. तुमचा पत्ता त्यांनीच दिला."

"आणखी काही म्हणाले? कुणाचं बघून केलं वगैरे?"

"नाही. का?"

"काही नाही. सहज."

ती गेल्यावर मी ताईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ओरडेल. तिने खुर्चीच्या कडक झालेल्या हातावरून हात फिरवला. मग म्हणाली, "चप्पल घाल."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त बघायचाय?"

ती मला त्यांच्या दारापर्यंत सोडून परत फिरली. दुकानात दाराशीच चामड्याच्या गुंडाळ्या दोरीने बांधून ठेवल्या होत्या. खिळेकाका स्टुलावर बसले होते, तोंडात एकही खिळा नव्हता.

"ये ये! डॉक्टरीणबाई आल्या होत्या ना? बघ गं, सुधारता येईल का. मी तर पार वाट लावली."

"काका, या गुंडाळ्या...?"

"देऊन टाकतोय. चामड्याचं काम बंद. आपल्या हातावरच भरवसा उरला नाही. जावई तर म्हणतो दुकानच बंद करा. काय चुकतंय त्याचं?"

काकू आतून पाणी घेऊन आल्या. "तुझं नाव रोज असतं यांच्या तोंडी," त्या हसून म्हणाल्या. "जन्मभर काळं नि तपकिरी केलं, ही पोरगी रंग शिकवते म्हणतात. आणि ते हिरवं वर्तुळ आलं ना, त्या दिवशी तर काय विचारू नकोस. मला स्वयंपाकघरातून ओढत आणलं बघायला. म्हणे, तिने मला आपल्या माणसांत घेतलं."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या दुकानात समजलं.

"काका, हात तुमचा चुकला नाही," मी म्हटलं. "व्हिडिओ खोटा होता. मी मुद्दाम तसा केला. यादीत फक्त तुमचंच नाव होतं."

त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं, एकदा पालथे, एकदा उताणे.

"मी तो तीनदा पाहिला होता," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, आपल्याला नीट कळलं नसेल."

मी माफी मागितली. ते 'असू दे' म्हणाले नाहीत. काकूंनी माझ्या हातातला पेला घेतला, अर्धा भरलेलाच, आणि आत गेल्या.

"जावयाला फोन लावतो," काका उठत म्हणाले. "तो आला की त्याच्यासमोर सांग. माझ्या तोंडून ऐकलं तर त्याला वाटेल, म्हातारा सबबी सांगतोय."

जावई येईपर्यंत अर्धा तास गेला. मी उभीच होते. कुणी बस म्हटलं नाही. तो आल्यावर मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, गोड आवाजात म्हटलेलं ते वाक्यसुद्धा. तो सासऱ्यांना म्हणाला, "बाबा, मला माहीत नव्हतं." आणि वाकून दाराशी बांधलेली पहिली गुंडाळी उचलून आत ठेवायला लागला.

संध्याकाळी डॉक्टरलाही सांगून आले. दुसऱ्या दिवशी तिने माणूस पाठवून खुर्ची नेली. माझ्याकडून काहीच करून घ्यायचं नव्हतं तिला. हातांवरचं चामडं पुढे खिळेकाकांनीच बदललं, असं ताईकडून कळलं. तळव्यांचे डाग अर्थातच गेले.

त्यांचं दुकान चालू आहे. समोरासमोर आलो तर ते मान हलवतात, मीही हलवते. काकू मात्र अजूनही रस्त्याच्या पलीकडून जातात.