उन्हाची जागा

किसनरावांनी ओट्यावर हात टेकला आणि चटका बसल्यासारखा उचलला. दगड गरम होता.

सूर्य अजून पाण्याच्या टाकीमागेच होता. धाड गावच्या बाजारपट्टीवर धुकं उतरलेलं, बोललं तरी तोंडातून वाफ निघावी अशी सकाळ. सारा ओटा गारठलेला, फक्त अर्जुनरावांची जागा तेवढी ऊबदार. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. अर्जुनराव तर संक्रांतीच्या आधीच वारले होते.

कुत्रं निजलं असेल, असं मनाशी म्हणून किसनराव तिथेच बसले. खोटं कशाला सांगा, बरं वाटलं.

थंडी सरता सरता गावातली चार म्हातारी माणसं ओट्यामागच्या भिंतीशी ऊन खायला जमत. ज्याची त्याची जागा ठरलेली. खिशात बोरं, नाहीतर हरभऱ्याचे भाजलेले घाटे. कुणाचा गहू ओंबीवर आला, कुणाच्या आंब्याला मोहोर धरला, एवढ्यावर गप्पा चालायच्या. किसनराव एसटीत कंडक्टर होते. नोकरीभर स्वतःची सीट कुठल्या ना कुठल्या लेकुरवाळीला देऊन दांडी धरून उभे राहिले. ओट्यावरची ही आपली पहिली हक्काची जागा, असं ते हसून सांगत.

काही दिवसांनी ऊब सरकली. अर्जुनरावांची जागा गार पडली आणि शेजारची, मोतीरामची, तापू लागली. किसनराव मुद्दाम सगळ्यांच्या आधी येऊन समोरच्या कडुनिंबाखाली उभे राहिले. कुत्रं आलं नाही. कुणीच आलं नाही. तरी दगड गरमच.

"खालून गरम लागते का बे?" त्यांनी मोतीरामला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मस्त लागते," मोतीराम डोळे न उघडताच म्हणाला.

त्याच आठवड्यात तो गेला. शेतात ओंब्या भाजता भाजता, बसल्या जागी. चेहरा हसरा होता, असं पाहणारे सांगत होते.

मोतीरामला पोचवून आल्यावर दुसऱ्या सकाळी किसनरावांनी आपल्या जागेवर तळवा ठेवला. मग न बसताच ते घरी वळले.

त्यांनी बायकोला, विमलबाईला, सगळं सांगितलं. बाई हसली नाही. "जाऊ नोका मंग तिकडं," एवढंच म्हणाली आणि अंगणात बाज टाकून दिली. दुपारी तिने हरभऱ्याचे टहाळ भाजले. काळ्या झालेल्या बोटांनी दोघं गरम दाणे सोलून खात बसली. किती वर्षांनी अशी फुरसत मिळाली होती. घाटाकडे पळस फुलला, ऊन टोचू लागलं. थंडीबरोबर हेही जाईल, असं किसनरावांना वाटू लागलं.

मग एका सकाळी दूध आणायला निघालेले असताना त्यांची नजर ओट्याकडे गेली. त्यांच्या जागेवर हिंमतराव बसले होते. भिंतीला पाठ, डोळे मिटलेले, अंगावरची शाल सुटलेली. हिंमतराव चौघांत सर्वांत धाकटे. आईवेगळी नात, छकुली, त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढत होती.

किसनराव बरणी घेऊन रस्त्यातच थांबले. एक ट्रॅक्टर गेला, एक जीप हॉर्न देऊन वळसा घालून गेली. मग ते ओट्यापाशी गेले.

"उठा, हिंमतराव. हे जागा माही हाय."

हिंमतरावांना थट्टा वाटली. तुम्ही येत नव्हते म्हणून बसलो, बाजूला लय जागा आहे, तिकडं बसा, असं ते म्हणाले.

"मले इथंच बसाचं हाय."

आवाज असा होता, की हिंमतराव उठलेच. शाल झटकून, मागे न बघता घरी निघून गेले. किसनराव बसले. धोतरातून ऊब वर चढली. ऊन चढेपर्यंत ते तिथेच होते, मग दूध घेऊन घरी आले. विमलबाईने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चहात आलं तेवढं जास्त ठेचलं.

होळीच्या आत किसनराव गेले.

दहावं झाल्यावर हिंमतराव छकुलीला घेऊन बसायला आले.

"वैनी, जन्मभर लोकाइले जागा देल्ली त्या मानसानं. मलेच काऊन उठवलं असन?"

विमलबाईने एक बोर घेतलं, आठळी काढली आणि गर छकुलीच्या तोंडात घातला.

"त्याइले ऊन लय आवडे, भाऊजी," ती म्हणाली, आणि पदराने पोरीचं नाक पुसत राहिली.